आपले फोल्डिंगचे कोर्ट

स्मरणिकेसाठी सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असे समितीने सांगितले. बोअर, रंगकाम, पाण्याची टाकी यांचा इतिहास इतिवृत्ताच्या वह्यांत आहेच. बॅडमिंटन कोर्टाचा मात्र फारसा नाही, कारण ते कायमचे असे कधी नव्हतेच. संध्याकाळी मांडायचे, रात्री उचलून ठेवायचे.

यात आपण काही नवे केले असे नाही. शटल म्हटले की आपल्याला आधी पुणे-दौंड गाडी आठवते, पण दुसऱ्या शटलचेही पुण्याशी जुने नाते आहे. पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत, 1873 च्या सुमारास त्याचे नियम तिथेच झाले आणि खेळाला 'पूना' असेच म्हणत. 'बॅडमिंटन' हे नाव इंग्लंडातल्या एका ड्यूकच्या वाड्यावरून पडले. तेव्हा कोर्ट मध्यभागी निमुळते, डमरूसारखे असे; 1901 साली ते सरळ चौकोनी झाले. 1874 मध्ये मेजर वॉल्टर विंगफील्ड यांनी टेनिससाठी पेटंट घेतले, तेच मुळी उचलून नेता येणाऱ्या कोर्टाचे. खांब, जाळी, बॅटी, चेंडू सगळे एका पेटीत. हिरवळीवर मांडा, खेळा आणि पेटी बंद करा. 1980 साली ऑल इंग्लंड जिंकणारे प्रकाश पदुकोण बंगळूरला ज्या हॉलमध्ये शिकले, तो लग्नाचा हॉल. लग्न असले की खेळ बंद!

आपल्याकडेही अडचण तीच होती. दोन विंगमधली जागा 44 बाय 20 फुटांच्या कोर्टाला पुरेशी, पण गणपतीचा मांडव तिथेच आणि उन्हाळ्यात टँकर वळायचा तोही तिथेच. म्हणून फरशी फोडून खांब रोवायचे नाहीत, असे ठरले.

पहिल्यांदा तेलाच्या डब्यांत काँक्रीट भरून पाइप उभे केले. जाळी ताणली की डबे आत कलायचे, मधली पाच फुटांची उंची चार फुटांवर यायची. मग हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडून ट्रकचे दोन बाद टायर आणले. त्यांत काँक्रीट भरताना मध्ये जाड पाइपचा तुकडा उभा ठेवला, म्हणजे खांब त्यात घालता येतो, काढताही येतो. टायर आडवा असला की हलत नाही आणि उभा केला की दोन पोरे गडगडत नेतात. ही युक्ती ज्यांची, ते गृहस्थ आज आपल्यात नाहीत.

रेषांसाठी सुरुवातीला फक्की मारली. दुसऱ्या दिवशी बी विंगचा जिना तिसऱ्या मजल्यापर्यंत पांढऱ्या पावलांनी भरलेला! त्यावरून झालेली मीटिंग जुन्या सभासदांना आठवत असेल. शेवटी फक्त कोपऱ्यांवर ऑइलपेंटच्या खुणा केल्या आणि त्यांवरून सुती पट्टी ताणायची पद्धत पडली. दिवसा वारा शटल कुठल्या कुठे नेई, म्हणून खेळ दिवेलागणीनंतर. आधी मुले, मग जेवणे आटोपल्यावर सुना आणि लेकी. साडेनऊला टायर जिन्याखाली.

पुढे कोर्ट पक्के करून कडेने जाळी मारावी, असा ठराव आला. मी तेव्हा खजिनदार होतो. खर्चाचा आकडा मांडून विरोध केला आणि ठराव पडला. चालू आहे ते उत्तम चालू आहे, असे माझे म्हणणे. त्यानंतर गाड्या वाढल्या. रिकामी जागा दिसली की एक लागायची, मग दुसरी. कोणी मुद्दाम कोर्ट बंद केले नाही. पण अडवायला तिथे काही उभेच नव्हते. ठरावाच्या बाजूचे लोक हेच सांगत होते. हिशेब माझा बरोबर होता, अंदाज त्यांचा.

यंदा मुलांनी रविवारच्या संध्याकाळपुरत्या गाड्या काढायची परवानगी मागितली आहे, आणि सहापैकी चार जण तयार आहेत. टायर आणि खांब जिन्याखाली आहेत, मी पाहून आलो. जाळी मात्र नवी घ्यावी लागेल. जुनी कोणीतरी कारल्याच्या वेलाला बांधली आहे.