‘बंगाल’ की ‘ओंडिना’? एका तोफगोळ्याचं श्रेय

प्राथमिक साधन हाती लागलं की प्रश्न सुटला, असं संशोधनाला नव्याने लागणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. हे उदाहरण बघा.

‘एचएमआयएस बंगाल’ ही तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीची माइनस्वीपर, म्हणजे समुद्रातले सुरुंग साफ करणारी बोट. ऑस्ट्रेलियात बांधलेली, जेमतेम ६५० टनांची. (याच वर्गातल्या एका बोटीचं नाव ‘बॉम्बे’ होतं.) ११ नोव्हेंबर १९४२ ला ती ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाला सोबत करत हिंदी महासागरातून चालली होती. कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला समोर दोन जपानी जहाजं आली, ‘होकोकू मारू’ आणि ‘आयकोकू मारू’. दोन्ही दहा हजार टनांवरची, १४ सेंटिमीटरच्या तोफा लावलेली. ‘बंगाल’कडे मुख्य तोफ एकच, तीही १२ पौंडी.

कमांडर विल्सन यांनी ‘ओंडिना’ला निघून जायला सांगितलं आणि स्वतः सरळ शत्रूच्या अंगावर गेले. ‘ओंडिना’ नुसती पळाली नाही, तिनेही आपली चार इंची तोफ सुरू केली. थोड्या वेळात ‘होकोकू मारू’वर आग लागली, मोठा स्फोट झाला आणि ती बुडाली.

गोळा कोणाचा?

‘बंगाल’वाले म्हणाले आमचा, ‘ओंडिना’वाले म्हणाले आमचा. कोणी खोटं बोलत होतं असं अजिबात नाही. दोन जहाजं एकाच लक्ष्यावर एकाच वेळी गोळे टाकतायत, आपल्यावरही गोळे पडतायत, आणि तेवढ्यात समोर ज्वाळा दिसते. आपल्या तोफेशीच तिचा संबंध जोडला जाणार. लॅबमध्ये दोन व्हेरिएबल एकदम बदलले तर परिणाम कशाचा ते सांगता येत नाही, तसंच हे. पुढे भारतीय लेखनात ‘बंगाल’ मोठी झाली, डच लेखनात ‘ओंडिना’. तोफेच्या ताकदीवरून मला ‘ओंडिना’चं पारडं जड वाटतं, पण तो तर्क झाला, पुरावा नव्हे.

अजून एक गोष्ट. ‘ओंडिना’चे कप्तान हॉर्समन त्याच दिवशी मारले गेले. खलाशांनी होड्यांत उतरून जहाज सोडलं, होड्यांवर मशीनगन चालली, आणि ‘आयकोकू मारू’ गेल्यावर वाचलेले लोक जळत्या जहाजावर परत चढून ते फ्रीमँटलला घेऊन गेले. ‘बंगाल’ धुराच्या आडोशाने निसटून दिएगो गार्सियाला पोचली. म्हणजे एका जहाजाची हकीकत कमांडरने स्वतः सांगितली आणि दुसऱ्याची कप्तानाशिवाय लिहिली गेली. दोन्ही कागद शेजारी ठेवताना एवढं वहीत आधी नोंदवून ठेवा.