फोर्कलिफ्टची बॅटरी दुपारीच का उतरते? दोष बॅटरीत की चार्जरमध्ये?

सकाळी फुल चार्ज करून काढलेली फोर्कलिफ्ट दुपारच्या जेवणाआधीच धापा टाकू लागते. गाडी चालते, पण फोर्क वर जात नाहीत. ऑपरेटर म्हणतो हायड्रॉलिक बिघडलं. बऱ्याचदा बिघडलेलं काहीच नसतं. बॅटरी साधारण ८० टक्के उतरली की अनेक गाड्या माल उचलणं आपोआप बंद करतात, म्हणजे निदान चार्जिंगच्या जागेपर्यंत पोहोचता यावं. खरा प्रश्न वेगळा आहे : ती इतक्या लवकर का उतरली?

गोदामांत आजही मोठ्या प्रमाणात लेड-ॲसिड बॅटरी वापरली जाते. ४८ व्होल्टच्या बॅटरीत २ व्होल्टचे २४ सेल एकापुढे एक जोडलेले असतात. वीज सगळ्यांतून एकाच रांगेत वाहते, त्यामुळे एक सेल कमजोर पडला की अख्खी बॅटरी त्याच्यामागे फरफटत जाते. म्हणूनच फक्त एकूण व्होल्टेज पाहून काही कळत नाही.

निदानाचं मुख्य साधन म्हणजे हायड्रोमीटर. ॲसिडची घनता मोजणारी ही काचेची नळी स्वस्त असते, पण काम मोठं करते. पूर्ण चार्ज झालेल्या सेलमध्ये आकडा साधारण १.२८ च्या आसपास येतो, उतरलेल्या सेलमध्ये १.१५ च्या खाली जातो. प्रत्येक सेलचा आकडा वहीत लिहून काढायचा. पूर्ण चार्जनंतरही सगळेच सेल सारखे कमी दाखवत असतील, तर आधी संशय चार्जरवर किंवा अर्धवट चार्जिंगच्या सवयीवर घ्यावा. एखादाच सेल मागे असेल, तर दोष त्या सेलमध्ये. हा फरक न पाहता अख्खी बॅटरी बदलणं म्हणजे एका कुजक्या आंब्यासाठी पेटी फेकून देणं.

आकडा घेताना एक चूक हमखास होते. नुकतंच डिस्टिल्ड वॉटर टाकलेलं असेल तर ते वरच तरंगतं आणि चांगला सेलही मेलेला वाटतो. पाणी चार्जिंगनंतरच टाकावं; आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ॲसिड फुगून बाहेर येतं. फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर चार्जिंगआधी त्या बुडतील इतकंच टाकावं.

दुसरी तपासणी लोडवर. फोर्क पूर्ण वर नेऊन पंपावर ताण द्यायचा आणि मल्टीमीटरने एकेक सेल पाहायचा. बाकीचे १.९ व्होल्टच्या वर असताना एखादा झपकन १.७ च्या खाली गेला, तर चोर सापडला. हे काम दोघांनी करावं, एक सीटवर, दुसरा मीटरवर, उचललेल्या फोर्कच्या खाली मात्र कुणीही नको.

सगळे सेल ठीक, तरी रात्रभर उभी राहून बॅटरी उतरते? मग झाकणावरची ओल पाहा. तिथे साचलेल्या ॲसिडमधून वीज झिरपते. मीटरचं एक टोक टर्मिनलला आणि दुसरं झाकणाच्या ओलसर पृष्ठभागाला लावल्यावर व्होल्टेज दिसलं, तर हीच गळती. सेलची बुचं घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसलं की बहुतेक वेळा भागतं.

चार्जर लवकर 'फुल' दाखवतो, बॅटरी तापते आणि काम मात्र तासाभराचंच होतं, तेव्हा प्लेटांवर सल्फेटचा कडक थर चढल्याची शंका येते. बॅटरी दिवसेंदिवस उतरलेलीच ठेवली की हे होतं. इक्वलायझिंग चार्ज, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त वेळ दिलेला हलका चार्ज, सुरुवातीच्या टप्प्यात उपयोगी पडतो. थर जुना असेल तर नाही.

चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं तरी एक ठिणगी पुरते. त्यामुळे तपासणीआधी चार्जर बंद, दारं-खिडक्या उघड्या, डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे, आणि अंगठी-कडं काढून बाजूला. पान्हा दोन टर्मिनलांवर पडला तर तो तिथेच वितळू शकतो.

लिथियम बॅटरीला यातलं काही लागू नाही. तिचा दोष आतलं नियंत्रण सर्किट एरर कोडने सांगतं, आणि तिचं झाकण उघडणं हे प्रशिक्षित माणसाचंच काम आहे.