दार उघडले, वाट कोण दाखवणार?

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक शासकीय संस्था. आकडे डोळे दिपवणारे आहेत. मात्र ग्रंथालयाने घेतलेला लेख वाचकाला सापडतोच असे नाही, हे वैद्यकाच्या इतिहासाने पूर्वीच दाखवून दिले आहे.

अमेरिकी लष्करातील शल्यचिकित्सक जॉन शॉ बिलिंग्ज यांच्याकडे १८६५ मध्ये सर्जन जनरलच्या कार्यालयातील ग्रंथालय आले. संग्रह वाढत गेला, तसतसा नेमका लेख शोधणे अवघड होत गेले. १८७९ मध्ये त्यांनी ‘इंडेक्स मेडिकस’ ही मासिक सूची सुरू केली. पुढे १९६० मध्ये ‘मेश’ हा विषयसंज्ञांचा कोश आला. त्याचे मर्म साधे आहे: लेखक एकाच विकाराला निरनिराळी नावे देतात, सूचीकार ती सारी एका प्रमाण संज्ञेखाली आणतो. म्हणूनच आज पबमेडवर ‘हार्ट अटॅक’ लिहिले, तरी शोध ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’पर्यंत पोहोचतो. १९६४ मध्ये ही सूची संगणकावर गेली, १९७१ मध्ये ‘मेडलाइन’ दूरच्या ग्रंथालयांत पोहोचली आणि १९९७ मध्ये पबमेड सर्वांना विनामूल्य खुले झाले.

तरीही अनेक भारतीय नियतकालिके या सूचीबाहेर राहिली. ती उणीव भरून काढण्यासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि आयसीएमआर यांनी ‘इंडमेड’ उभारले. २००८ पासून दिल्लीच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने ‘ईआरमेड’ या समूहाद्वारे शासकीय वैद्यकीय संस्थांना ई-नियतकालिके उपलब्ध करून दिली.

मी भौतिकशास्त्राचा अभ्यासक. आमच्याकडे १९९१ पासून ‘अर्काइव्ह’ आहे. रोज सकाळी तेथील नवे लेख चाळणे ही संशोधनकाळातील माझी सवयच होती. एखादा लेख नजरेतून सुटला, तर फार तर माझे काही महिने वाया जात. वैद्यकात पुरावा सुटला, तर किंमत रुग्ण मोजतो.

म्हणून वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थिमित्रांना एक विनंती. आपली संस्था या योजनेत आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. त्याच भेटीत तासभर बसून ‘मेश’ वापरून शोध कसा घ्यावा, हे शिकून घ्या. बिलिंग्ज यांनी आरंभलेले काम आजही कोणीतरी ग्रंथपाल पुढे नेत असतो; आपण त्यांच्या टेबलापर्यंत जायला हवे.