'शेवटची विणकर' हा मथळा मी देणार होतो

'अमुक कलेचा शेवटचा कारागीर' असा मथळा मी वीस वर्षांत तीन-चार वेळा तरी दिला असेल. छान चालतो. वाचक हळहळतो आणि पान उलटतो.

परवा अलास्कातल्या जेनी थ्लुनॉटबद्दल वाचताना तोच मथळा डोक्यात आला. जेनी क्लुक्वान गावची, त्लिंगिट समाजाची. ती चिल्कट वस्त्रं विणायची. ही वस्त्रं शालीसारखी खांद्यावर घेतात. खाली लांब झालर असते, नाचताना ती हलली पाहिजे. डोंगरी बकऱ्याची लोकर आणि सिडारच्या सालीचे तंतू मांडीवर वळून उभा धागा करायचा. पिवळा रंग दगडफुलाच्या एका जातीतून. धोटा नाही, फणी नाही, सगळं बोटांनी. एका वस्त्राला वर्ष सहज जातं. नक्षी पुरुष फळीवर रंगवणार, तीही अर्धीच. उरलेली अर्धी बाई मनानं उलटी करून विणणार! श्रेय कोणाला मिळत असेल, सांगायला नको.

हे वस्त्र घालायचं ते पॉटलॅचमध्ये. यजमानानं आपली संपत्ती वाटून टाकायचा हा सोहळा. शेजारच्या कॅनडात सरकारनं त्यावर 1885 ते 1951 कायद्यानं बंदी घातली. वाटून टाकणारा माणूस साहेबाला उधळ्या वाटला. 1921 मध्ये क्वाक्वाक्यवाक्व समाजानं चोरून पॉटलॅच केला, तर लोकांवर खटले भरले. मुखवटे आणि सोहळ्याचं सामान सोडून द्या, शिक्षा टळेल, असा सौदा झाला. ते सामान गेलं संग्रहालयांत. म्हणजे ज्याच्यासाठी तुरुंग, त्याच्यासाठीच तिकीट! अलास्कात असा कायदा नव्हता, पण मिशनऱ्यांचा दबाव होताच. सोहळाच नको झाला, तर वर्षभर विणायचं कुणासाठी?

जेनी विणत राहिली. 1985 मध्ये, नव्वदी ओलांडलेली असताना, तिनं हेन्स गावात विणकरांचा वर्ग घेतला. त्यात क्लॅरिसा रिझल होती. सोहळ्याचे पोशाख ती आधीपासून शिवायची. पुढच्या वर्षी ती जेनीपाशी राहून शिकली आणि त्याच वर्षी जेनी गेली. एका वर्षाचा उशीर झाला असता तर माझा मथळा खरा ठरला असता.

क्लॅरिसानं पुढची तीस वर्षं शिकवण्यात घातली. 2016 मध्ये अनेक विणकरांनी पाच-पाच इंचांचे चौकोन विणून पाठवले, त्यांचं एक वस्त्र झालं. ऑगस्टमध्ये ग्लेशियर बेच्या सोहळ्यात ते पहिल्यांदा अंगावर चढलं. संग्रहालयात नाही, नाचात. डिसेंबरमध्ये क्लॅरिसा गेली.

तिची मुलगी लिली होप आता शिकवते. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तिनं याच विणीत तोंडाचा मास्क विणला, झालरीसकट.