कांग यात्से-२ : चढाईआधी परतीची वाट पाहावी

मुनिरका (नवी दिल्ली) : दक्षिण दिल्लीतील मुनिरक्यापासून जवळच, बेनितो हुआरेझ मार्गावर, इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनचे मुख्यालय आहे. हिमालयातील उंच शिखरांवरील मोहिमांना परवानगी ही संस्था देते. कोणत्या वाटेने जायचे, हे मात्र मोहिमेने ठरवायचे असते. लडाखमधील सुमारे ६,२५० मीटर उंचीच्या कांग यात्से-२ शिखराबाबत ही निवड जिवावरची ठरू शकते. स्टोक कांगरी (६,१५३ मीटर) २०२० पासून बंद झाल्यावर, सहा हजार मीटरची उंची प्रथमच गाठू पाहणारे अनेक जण या शिखराकडे वळले आहेत.

निवड दिल्लीतच सुरू होते. दिल्लीची उंची सव्वादोनशे मीटरच्या आसपास, तर लेहची ३,५००. विमान हे अंतर सव्वा तासात कापते. शरीराला मात्र तेवढ्या फरकाशी जुळवून घेण्यास काही दिवस लागतात. विमानाने गेल्यास लेहमध्ये किमान दोन-तीन दिवस विश्रांती घेणे अपरिहार्य आहे. श्रीनगरमार्गे रस्त्याने जाताना कारगिलचा मुक्काम (२,६७६ मीटर) शरीराला सवड देतो. मनालीहून जाणारा रस्ता निसर्गसुंदर खरा, पण फसवा आहे. २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून प्रवास आणखी वेगवान झाला असून अनेक जण दुसरीच रात्र सरचू येथे, सुमारे ४,३०० मीटरवर काढतात. तेथे कोणी आजारी पडल्यास मनालीच्या बाजूला बारालाचा ला, तर लेहच्या बाजूला नकी ला आणि लाचुलुंग ला. खाली उतरण्यासाठी आधी वरच चढावे लागते.

हाच पेच शिखराच्या पायथ्याशीही उभा राहतो. निमालिंग हे सुमारे ४,८०० मीटरवरील कुरण गाठण्याच्या दोन वाटा आहेत. शांग सुमदोकडून येणारी वाट जवळची. परंतु ती सुमारे ५,२०० मीटर उंचीची कोंगमारु ला खिंड ओलांडून येते. दुसरी स्क्यू, मार्खा, हांकर अशी मार्खा नदीच्या काठाने हळूहळू चढते. तिला दिवस अधिक लागतात आणि खर्चही वाढतो. तरीही पहिल्यांदाच जाणाऱ्यासाठी हीच वाट योग्य. हिच्यात उंची टप्प्याटप्प्याने वाढते आणि निमालिंगला त्रास झाल्यास खिंड न चढता थेट हांकरकडे, जवळपास आठशे मीटर खाली उतरता येते. शांगकडून आलेल्याचे वाहन मात्र खिंडीपलीकडे थांबलेले असते.

तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा वैद्यकीय संकेत आहे. त्यानुसार हांकर ते निमालिंग हा टप्पाही एका दमात करण्याजोगा नाही. मध्ये थाचुंगत्से येथे तळ टाकणे श्रेयस्कर. मार्खा खोऱ्यात आता मोटाररस्ता आत शिरू लागला आहे. वाहनाने थेट आत जाऊन दिवस वाचविण्याचा मोह त्यामुळे वाढला असला, तरी वाचलेले हे दिवस विरळ हवेशी जुळवून घेण्याचेच असतात.

सह्याद्रीतील दमसास येथे अपुरा पडतो, हे अनेकांना तेथे पोहोचल्यावरच कळते. महाराष्ट्रातील सर्वोच्च कळसूबाई १,६४६ मीटरवर संपते. राजगड-तोरणा एका दिवसात करणारा तरणाबांड गडी निमालिंगला डोके धरून बसतो आणि त्याच्या मागून संथपणे आलेली पन्नाशीची व्यक्ती स्वस्थपणे जेवते, हे शक्य आहे. स्नायूंचे बळ विरळ हवेपासून संरक्षण देत नाही. उलट, जोमदार माणूस भरभर चढतो आणि अधिक लवकर अडचणीत येतो. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, आणि या शिखराचा तळच पाच हजारांच्या पुढे आहे. शेवटची चढाई मध्यरात्री सुरू होते; बर्फाळ उतारावर क्रॅम्पॉन आणि दोर लागतात.

डोकेदुखी, मळमळ आणि निद्रानाश ही पहिली लक्षणे. ती असताना आणखी वर जाऊ नये. झोकांड्या जाणे, असंबद्ध बोलणे किंवा विश्रांतीतही धाप लागणे म्हणजे मेंदूला सूज येण्याची वा फुप्फुसात पाणी साठण्याची शक्यता. अशा वेळी रात्र असली तरी सोबतीसह तत्काळ खाली उतरवणे, हाच मुख्य उपाय आहे. अ‍ॅसिटाझोलामाइडसारखे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते, मात्र ते उतरण्याला पर्याय नाही. मोहिमेचे वेळापत्रक पाहताना शिखराच्या तारखेपूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात : प्रत्येक मुक्कामाची उंची, आणि तेथून खाली जाण्याची वाट मध्ये पुन्हा वर चढते का.