विस्मृत ग्रंथ आणि विद्यापीठ

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे सौम्य करण्यात आली. या निमित्ताने समस्त स्त्रीजातीवर दोषारोप होऊ लागले. त्यांना बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून सडेतोड उत्तर दिले. जोतीराव फुले यांनी त्यांची पाठराखणही केली. तथापि पुढे हा ग्रंथ जवळजवळ विस्मृतीत गेला. १९७५ साली डॉ. स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला.

त्याच सुमारास, १९७४ मध्ये, मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे संशोधनकेंद्र सुरू झाले. १९८१ मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद याच विद्यापीठात भरली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही या विषयाचा पुरस्कार केला.

मराठीचे आम्ही अध्यापक एकोणिसाव्या शतकातील निबंध शिकविताना वर्षानुवर्षे चिपळूणकर-आगरकरांपाशीच थांबत असू. ताराबाईंची उणीव आम्हांला जाणवलीही नाही. ग्रंथालयात नसलेल्या पुस्तकापेक्षा ही न जाणवलेली उणीव अधिक गंभीर होय. ती जाणवून देणे, हेच स्त्री-अभ्यासाचे विद्यापीठावरील खरे ऋण आहे.