शाळेतला वजनकाटा

इंग्लंडमधल्या शाळांत रिसेप्शन आणि इयर सिक्सच्या मुलांची उंची व वजन दरवर्षी मोजतात. मग घरी पत्र येते. ‘आमचं बाळ गुटगुटीत आहे, लठ्ठ नाही’ असे म्हणून ते बाजूला पडण्याचा संभव असतो. ही मोजणी २००५-०६ मध्ये सुरू झाली. शाळेतला वजनकाटा मात्र त्याहून जवळजवळ शंभर वर्षे जुना, आणि तेव्हा चिंता होती ती उपासमारीची.

बोअर युद्धाच्या वेळी (१८९९-१९०२) सैन्यभरतीला आलेले कितीतरी तरुण अशक्त म्हणून परत पाठवावे लागले. सरकार हादरले. १९०६ च्या कायद्याने गरजू मुलांना शाळेत जेवण देण्याची मुभा मिळाली. १९०७ मध्ये गिरण्यांच्या ब्रॅडफर्ड शहरात डॉ. राल्फ क्राउली यांनी अशा मुलांना जेवण देऊन वजने नोंदवली. जेवण मिळाले तेव्हा वजन वाढले, सुट्टीत पुन्हा घटले.

१९४४ च्या कायद्याने शाळेतले जेवण बंधनकारक झाले, १९४६ च्या कायद्याने दूधही मोफत झाले. १९७१ मध्ये शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर यांनी सात वर्षांवरील मुलांचे दूध थांबवले. १९८० मध्ये जेवणाचे पोषण-निकषही गेले आणि ताटात चिप्स-बर्गर आले. २००५ मध्ये जेमी ऑलिव्हरच्या टीव्ही मालिकेने गदारोळ उठवला, तेव्हा २००१ मध्ये परतलेले निकष अधिक कडक झाले.

आज काटा उलट बाजूला झुकतो, पण भार गरिबांवरच आहे. सर्वांत गरीब वस्त्यांतील मुलांमध्ये लठ्ठपणाचे प्रमाण सधन वस्त्यांच्या दुपटीहून अधिक आहे. पोट भरणारे स्वस्त अन्न बहुधा साखर-तेलाचेच असते.

आपल्यापैकी अनेकजण सुखवस्तू भागांत राहतात, म्हणून हे आपल्याला लागू नाही असे वाटेल. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या व साउथॅम्प्टनच्या नवजात बाळांची तुलना केली. पुण्याची बाळे वजनाने बरीच लहान होती. स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. आपल्या लोकांना मधुमेहही कमी वजनातच गाठतो. म्हणजे पत्रात ‘वजन योग्य’ असले तरी निर्धास्त राहता येत नाही, आणि ‘जास्त’ असेल तर ते पत्र बाजूला टाकण्याजोगे नाही.

चार दिवसांच्या फराळाने काही बिघडत नाही. पाहायचा तो उरलेल्या वर्षाचा डबा, आणि शाळा सुटल्यावर मूल किती वेळ पळते ते.